कुलूपबाईचा वैताग

घरोघरी नर्स पाठवणाऱ्या त्या कंपनीत तिला तोंडावर सगळे ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कुलूपबाई’. तिला ते ठाऊक होतं. नावाचा तिला राग नव्हता. राग याचा होता, की नावं ठेवायला सगळ्यांकडे वेळ होता आणि फोनला कुलूप लावायला मात्र कुणाकडेच नव्हता.

काम म्हटलं तर साधं होतं. नर्स स्वतःचेच फोन वापरत. त्यात कंपनीचं ॲप असे, आणि ॲपमध्ये पेशंटचा पत्ता, औषधं, जखमांचे फोटो, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दाराबाहेर किल्ली ठेवायची जी छोटी पेटी असते तिचा नंबरसुद्धा. हे सगळं परक्याच्या हाती पडू नये एवढंच तिला बघायचं होतं. प्रत्येक फोनला नंबराचं कुलूप हवं, फोन वेळच्या वेळी अपडेट व्हायला हवा, कुठूनतरी उचललेली ॲप नकोत, आणि कामाचं सगळं एका वेगळ्या कप्प्यात हवं, म्हणजे घरचं घरी आणि कामाचं कामात. एवढ्या साध्या गोष्टीनं तिच्या नाकी नऊ आणले होते.

“माझ्या फोनमध्ये काय आहे हो चोरण्यासारखं?” हे वाक्य तिला दिवसातून इतक्यांदा ऐकावं लागे की ते ऐकताच तिची डावी पापणी फडफडायला लागे.

“तुमचं काहीच नाही हो,” ती म्हणे. “पण त्या टेकडीवरच्या आजोबांच्या किल्लीपेटीचा नंबर आहे.”

“तो तर मला तोंडपाठ आहे.”

“मग फोनमध्ये उघड्यावर कशाला लिहून ठेवलात?”

“विसरले तर?”

ती कपाळाला हात लावी. एकीनं फोनला कुलूप लावलं खरं, पण नंबर चिकटपट्टीवर लिहून फोनच्याच पाठीला डकवला. दुसरीचा फोन संध्याकाळी नातवंडांच्या हातात, आणि नातवंडांनी त्यात कुठले कुठले खेळ भरून ठेवलेले. तिसरी तर फोन अपडेट करा म्हटलं की असा चेहरा करी, जणू तिची किडनी मागितली आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, आणि घडा वरून विचारणार, ‘मॅडम, आज पाणी नाही का?’

घरीही सुटका नव्हती. नवऱ्याच्या फोनचा नंबर म्हणजे त्याचं जन्मसाल, आणि ते तो कौतुकानं कुणालाही सांगे. आई तर रोज फोन करी. “अगं, मला बक्षिसात मोटार लागली आहे म्हणे. फक्त एक बटण दाबायचंय.”

“आई, दाबू नकोस.”

“दाबलं नाही गं. पण लागलीच असली तर?”

तिचा हा कडकपणा उगाच आलेला नव्हता. या नोकरीआधी ती एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर होती. लोक फोन ठेवून जात, उघडायचा नंबरही सांगून जात आणि निर्धास्त घरी जात. मागच्या टेबलावर दुरुस्ती करणारे दोघे काच बदलता बदलता फोटो चाळत बसत. कुणाची बायको, कुणाचं आजारपण, कुणाचं रडून सुजलेलं तोंड. एकदा एका गिऱ्हाइकाचा कसलासा फोटो बघून ते दोघे टेबलावर हात आपटून हसले, आणि तेवढ्यात ती गिऱ्हाईक बाई फोन न्यायला दारात आली. तिला काही कळलं नाही, तीही हसणाऱ्यांकडे बघून सहज हसली. त्याच आठवड्यात तिनं ती नोकरी सोडली.

म्हणून इथे आल्यावर तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर जखमांच्या फोटोंचा बंदोबस्त. कामाच्या कप्प्यात वेगळा कॅमेरा ठेवला. त्यातून काढलेला फोटो सरळ ॲपमध्ये जाई, नर्सच्या घरच्या फोटोंत मिसळतच नसे. झालं! ऑफिसभर बोंब उठली. “दोन-दोन कॅमेरे कशाला?” “चुकून दुसराच उघडतो.” “आमच्यावर विश्वास नाही का?” कंपनीचे मालक म्हणजे स्वतः एके काळचे डॉक्टर, सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांना तक्रारींची ॲलर्जी होती. तक्रार करणारा खोलीत शिरला की तो बाहेर जाईपर्यंत ते सगळ्याला हो म्हणत.

“मॅडम, तो तुमचा दुसरा कॅमेरा जरा काढून टाका ना,” ते म्हणाले.

“साहेब, त्याच्यामुळेच तर—”

“काढा हो. लोक वैतागलेत.”

‘आणि मी नाही वैतागले?’ हे तिच्या ओठांवर आलं, पण तिनं ते गिळलं आणि कॅमेरा काढून टाकला. दोन महिने कुणाची काही तक्रार आली नाही. साहेब खूश.

मग ते टायपिंगच्या बाईंचं प्रकरण घडलं.

टायपिंगच्या बाई म्हणजे कंपनीच्या जुन्या पेशंट. त्यांच्या क्लासमध्ये शिकून शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांतले लोक नोकरीला लागले होते. लग्न केलं नव्हतं, एकट्या राहत; वरकामाला मोलकरीण येई. कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळल्या आणि पाठीला, कण्याच्या टोकाशी, जखम झाली. तिची मलमपट्टी करायला जी नर्स जाई तिला सगळे तुफान सिस्टर म्हणत. बोलणं तुफान, चालणं तुफान, आणि हात मात्र असा हलका की पेशंट तिच्याशिवाय दुसरी नको म्हणत. कुलूपबाईच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप कुणी दिला असेल, तर तोही हिनंच.

डॉक्टरांना जखम दाखवायची म्हणून तुफान सिस्टरनं दुपारी फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. संध्याकाळी तिच्या बहिणीला बाळ झालं. हिनं हॉस्पिटलात जाऊन बाळाचे चार फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर धडाधड पाठवून दिले. मामा, माम्या, आत्या, त्यांची मुलं, सुना, असा तीसेक माणसांचा ग्रुप. चारांऐवजी पाच फोटो गेले. पाचवा टायपिंगच्या बाईंच्या पाठीचा.

तिच्या लक्षात आलं तेव्हा अर्धा तास उलटला होता. तिनं तो पुसला आणि ‘चुकून’ एवढाच शब्द लिहिला. ऑफिसात चकार शब्द काढला नाही. फोटोत तोंड थोडंच दिसत होतं? पण मागे टेबलावर झाकण घातलेला टाइपरायटर दिसत होता, आणि तुफान सिस्टरची मामेबहीण राहायला बरोबर बाईंच्या खालच्या मजल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेबहीण चेहरा पाडून वर गेली. “बाई, फार त्रास होतोय का हो पाठीला? आम्हाला तर बघवलंही नाही.”

ती गेल्याबरोबर बाईंनी ऑफिसला फोन लावला.

साहेबांनी कुलूपबाईला आत बोलावलं तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. समोर तुफान सिस्टर उभी होती. रडून रडून नाक लाल झालेलं.

“तुमचं काम काय आहे इथे?” साहेब कडाडले. “असं होतंच कसं?”

“साहेब, वेगळा कॅमेरा तुम्हीच काढायला सांगितलात.”

“मी? मी एवढंच म्हटलं होतं, की लोकांना त्रास होतोय.”

“आणि काढा म्हणालात.”

“मॅडम, शब्दात पकडू नका! आधी हिचा फोन पुसून टाका. सगळा. इथून बसल्या बसल्या पुसता येतो ना तुम्हाला?”

तिला हसावं की रडावं कळेना. महिनोन्महिने साधं कुलूप लावा म्हणून घसा कोरडा केला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता थेट फोन पुसा! “साहेब, हिचा फोन पुसून काय होणार? फोटो आता तिथे आहे कुठे? तो तीस जणांच्या डोळ्यांत गेला. ते कसे पुसू? आणि हिच्या घरच्या फोटोंवर हात घालायचा आपल्याला अधिकारच नाही. तसं वचन देऊनच मी सगळ्यांच्या फोनमध्ये कामाचा कप्पा टाकलाय.”

साहेब पंख्याकडे बघत राहिले. मग आवाज उतरला. “बरं. तुम्ही दोघी जाऊन माफी मागून या. मी आलो असतो, पण... बाईमाणसाचं बाईमाणूस समजून घेतं.”

म्हणजे निस्तरायचं हिनंच. वाटेत रिक्षात तुफान सिस्टर पुटपुटली, “मी मुद्दाम केलं नाही हो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तेच तर म्हणून म्हणून मी थकले. मुद्दाम कुणीच करत नाही.”

बाईंचा फ्लॅट छोटा होता, पण लखलखीत. पुस्तकांच्या कपाटाच्या काचेवर बोटाचा एक ठसा दिसेल तर शपथ. पलंग खिडकीला लावलेला, आणि त्यावर बाई कुशीवर, केस नीट विंचरलेले, चष्मा लावलेला. कुलूपबाईनं रस्ताभर जुळवलेली वाक्यं बाहेर काढली. कंपनीला खेद आहे, पुन्हा असं होणार नाही, वगैरे. बाईंनी ती पुरी ऐकून घेतली, जशी एखाद्या विद्यार्थिनीची चुकांनी भरलेली पानं त्या शेवटपर्यंत वाचत असतील.

“झालं?” त्या म्हणाल्या. “आता पट्टी बदला. वेळ झाली.”

“बाई, हवं तर आम्ही दुसरी नर्स पाठवतो,” कुलूपबाई म्हणाली.

“नको. जिनं पाहिलंय तिलाच येऊ दे. आणखी डोळ्यांची जोडी नको मला.”

तुफान सिस्टरच्या डोळ्यांतून पुन्हा धार लागली, पण हात कामाला लागले. तिनं हात धुतले, हातमोजे चढवले, जुनी पट्टी सोडवली. जखमेचं माप ॲपमध्ये टाकायचं होतं. फोन तोवर बंद झालेला. मोजा काढला. बोट लावलं. फोननं बोट ओळखलं नाही. दिवसभर हात धुऊन धुऊन आणि ते जंतुनाशक पाणी चोळून तिच्या बोटांचे ठसेच झिजले होते. मग सहा आकडे दाबले. पुन्हा हात धुतले, नवा मोजा. कागदाची मोजपट्टी जखमेशी धरली, माप वाचलं, वळली तर फोन पुन्हा काळा. पुन्हा मोजा काढ, पुन्हा आकडे. बाई कुशीवर तशाच उघड्या पाठीनं, खिडकीकडे तोंड करून. तिसऱ्यांदा फोन विझला तेव्हा कुलूपबाईचाच संयम सुटला. तिनं तो हिसकावून हातात घेतला.

“काय कटकट आहे ही! कुठल्या गाढवानं हा एक मिनिटात बंद व्हायला ठेवलाय?”

“तुम्हीच,” तुफान सिस्टर जखमेवरून नजर न हलवता म्हणाली.

कुलूपबाईला कानांच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

“एक विचारू? त्या फोटोत नक्की काय दिसतं?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“खालच्या मजल्यावरच्या बाईनं पाहिलं,” बाई म्हणाल्या. “तिच्या नवऱ्यानं पाहिलं असेल. तुमच्या मामांनी, माम्यांनी, कुणाकुणाच्या सुनांनी पाहिलं. डॉक्टर तर बघतातच. माझी पाठ सगळ्या जगानं पाहिली. मी सोडून. इतके महिने फोटो काढता, एकदा तरी मला दाखवावासा वाटला कुणाला?”

तुफान सिस्टरचे हात थांबले. “घाबराल म्हणून नाही दाखवला हो बाई.”

“मी घाबरते की नाही ते मी बघेन. दाखवा.”

तुफान सिस्टरनं नवीन फोटो काढला. कुलूपबाईनं फोन बाईंच्या समोर धरला. आपणही बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. फोन विझू नये म्हणून ती काचेला मधूनमधून अंगठा लावत राहिली.

“एवढीशीच?” बाई म्हणाल्या.

“काय?”

“एवढीशीच आहे? मला वाटत होतं पाठीला भगदाड पडलंय. वास यायचा, तुम्ही लोक गप्प गप्प असायचा. रात्रंदिवस मनात वाटायचं, मी मागून सडत चालले आहे आणि कुणी सांगत नाही.”

“अहो, बरी होतेय ती!” तुफान सिस्टर जवळजवळ ओरडलीच. “थांबा, पहिला फोटो दाखवते. मॅडम, ॲप उघडा ना. हं, मागे जा, आणखी मागे. हा बघा बाई, सुरुवातीचा. हा त्यानंतरचा. आणि आता ही बघा, कडेनं गुलाबी झाली आहे ना? ही नवीन कातडी. ही तुमची स्वतःची.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पहिला फोटो बघितला, शेवटचा बघितला. पुन्हा पहिला मागितला. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि त्या रडतायत हे दोघींना त्यांच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळलं. तुफान सिस्टरनं पट्टी पुरी केली, सदरा खाली ओढला आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. एरवी दोन मिनिटं एका जागी न टिकणारी सिस्टर.

जाताना टायपिंगच्या बाईंनी बजावलं. “माफ केलं असं समजू नका. माझा राग मला पुरता येऊ दे. पण यापुढे फोटो काढायच्या आधी मला विचारायचं, आणि काढला की सगळ्यात आधी मला दाखवायचा. मग डॉक्टरांना.” आणि कुलूपबाईकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही ते मिनिटाचं काहीतरी करा. मी इथे उघडी पडून राहते.”

ऑफिसात परतल्यावर ती थेट साहेबांच्या खोलीत शिरली. दारावर टकटकही केली नाही. “साहेब, कामाचा कॅमेरा आजच्या आज परत चालू होणार. कुणी बोंबललं तर माझ्याकडे पाठवा. आणि एका पेशंटकडचं काम संपेपर्यंत फोन आपोआप बंद होणार नाही, तेही मी करतेय. आणि फोटो आधी पेशंटला दाखवायचा.”

“पेशंटला? अहो, त्यात किती वेळ जाईल! लोक वैतागतील—”

“वैतागू दे!” ती इतक्या जोरात म्हणाली की बाहेर कुणाच्या तरी हातातला चहा हिंदकळला. “सगळे वैतागू देत एकदा. मी एकटीनंच किती दिवस वैतागायचं?”

साहेबांनी नेहमीप्रमाणे हो म्हटलं. तक्रार करणारा खोलीत होता ना! पण या वेळी ती त्यांच्या समोरच खुर्चीत बसली, कॅमेरा चालू केला, आणि सगळ्यांना निरोप गेला तेव्हाच उठली.

आठवड्यानं सगळ्या नर्सना बोलावलं. अपेक्षेप्रमाणे कल्लोळ झाला. “पुन्हा दोन कॅमेरे!” “दाखवत बसलो तर पुढच्या घरी कधी पोहोचणार?” कुलूपबाई उत्तर द्यायला उठणार तोच मागून तुफान सिस्टर उभी राहिली.

“माझ्या हातून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे,” ती म्हणाली. “माझी मामेबहीण आता बाईंना भेटायला वर गेली तर बाई भिंतीकडे बघतात, आणि ती माझ्याशी बोलत नाही. मला त्या बाईंच्या घरात शिरताना अजून पाय जड होतात. ज्यांना दोन कॅमेरे जड वाटतात त्यांनी माझ्याबरोबर एकदा यावं.” एवढं बोलून ती खाली बसली. मग फारसं कुणी काही बोललं नाही. म्हणजे खासगीत बोललेच, पण तेवढं चालायचंच.

सगळं काही सुरळीत झालं नाही. काही पेशंट म्हणाले, ‘नको बाई, आम्हाला नका दाखवू,’ तर तोही त्यांचा हक्क. एका आजोबांनी फोटो बघून घरच्यांशी भांडण काढलं, की एवढं झालंय आणि तुम्ही मला बोलला नाहीत. नर्सना पुढच्या घरी पोहोचायला उशीर होऊ लागला, साहेब कुरकुरू लागले. ‘माझ्या फोनमध्ये काय आहे चोरण्यासारखं’ हे मात्र कमी झालं. बंद झालं नाही, कमी झालं.

टायपिंगच्या बाईंची जखम हळूहळू भरत गेली. एका दुपारी तुफान सिस्टर ऑफिसात आली ती नेहमीसारखी वाऱ्यासारखी, आणि सरळ कुलूपबाईच्या टेबलाशी.

“मॅडम, बाईंची जखम मिटली! आज पट्टीच नाही लावली. मी म्हटलं, आता फोटोची गरज नाही, तर बाई म्हणतात, काढ. म्हटलं, बाई, आता बघायला काही नाही. तर म्हणाल्या, तेच बघायचंय मला. काही नाही, ते.” तिनं खांद्यावरची पिशवी टेबलावर आदळली. “खूप वेळ बघत होत्या. मग हसल्या. मॅडम, पहिल्यांदा हसल्या माझ्याशी. थांबा, दाखवते तुम्हाला...”

आणि ती फोन उघडू लागली.

“सिस्टर!” कुलूपबाईनं झटकन दोन्ही हातांनी डोळे झाकले. “अहो, एवढं सगळं रामायण झालं! मला कशाला दाखवताय? त्यांना विचारलंय का तुम्ही? बंद करा तो, आधी बंद करा!”

“अय्या, हो की,” म्हणत तुफान सिस्टरनं जीभ चावली आणि फोन बंद केला. कुलूपबाईनं बोटांच्या फटीतून खात्री करून घेतली, हात खाली आणले, आणि डोळ्यांच्या कडा पुसत पुसत तिला पुन्हा पहिल्यापासून झापायला सुरुवात केली.